छाती बापाला नसते

माझ्या थोरल्या लेकीला दुसरा मुलगा झाला त्याच वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. दूध साकळलं असेल म्हणून आम्ही शेकत बसलो. गाठ काही विरली नाही.

ऑपरेशनात काढलेली गाठ डॉक्टरीणबाईंनी तपासायला दिली आणि वर लेकीचं रक्तही घेतलं. माझ्या नणंदेच्या कपाळाला आठी पडली. "गाठ छातीत आणि रक्त दंडातलं? वहिनी, यात काहीतरी शिजतंय."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. हिची एक जन्मापासून बिघडलेली होती. या कॅन्सरच्या गाठीत दुसरी, चांगली होती तीही गेली. म्हणून त्या पेशींना स्वतःची मोडतोड दुरुस्त करता येत नाही. अशा गाठीवर वेगळ्या गोळ्या लागू पडतात. पण हा दोष घरात आणखी कुणाला आहे, तेही बघायला हवं."

वन्संनी त्यातला 'दोष' तेवढा उचलला. "म्हणजे तुझ्या माहेरचाच! आमच्याकडे असलं काही नव्हतं."

मलाही शंका खाऊ लागली. माझी मावशी कशाने गेली, ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी रक्त दिलं. ते साफ निघालं.

"म्हणजे वडिलांकडून आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते हयात नाहीत. त्यांच्या सख्ख्या बहिणीने आधी तपासून घ्यावं."

वन्सं फणकारल्या, "बापाला काय छाती असते होय? बाटल्या बदलल्या असतील. नाहीतर तूच काहीतरी केलं असशील."

"मी काय बाटलीत शिरून बसले होते?"

"मेलेल्या माणसावर खापर फोडतेस. तो उठून बोलणार आहे थोडाच!"

महिनाभर त्या आल्या नाहीत. मग एक दिवस ब्लाऊज घेऊन आल्या. शिवणाचं मशीन माझ्याकडेच होतं. म्हणाल्या, "डावीकडून सैल कर. धुऊन आटलाय."

मी ब्लाऊज उलटा केला. दोन्ही बाजूंना कापड एकच, शिवणही एकच.

"वन्सं, कापड एकाच बाजूने आटतं का?"

त्या माझ्या हातातल्या टेपकडे बघत राहिल्या. मी जवळ सरकले तशा मागे झाल्या. "माप नको घेऊस. तुला तेच हवंय, आमच्या घराला दोष लावायचाय." ब्लाऊज ओढून घेतला आणि निघून गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले, हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

थोरलीला गोळ्या लागू पडल्या. तिचा धाकटा आता शाळेत जातो. तो दोन वर्षांचा व्हायच्या आधीच, मार्च महिन्यात, माझी नणंद छातीच्या कॅन्सरने वारली.