सुलभाअक्कांचं आसन

या, असे सतरंजीवर जरा पुढे सरका. चामराजपेटेतल्या देवळातल्या एका आसनाची गोष्ट ऐकवायची आहे.

उत्सवाच्या कीर्तनाला बुवा उपरणं सावरत उभे राहिले होते आणि इकडे श्रीरंगने आपल्या कारखान्यातून आणलेल्या फोमच्या आसनांचं गाठोडं सोडलं. त्याचे हात तिथंच थांबले. काल टम्म फुगलेली आसनं आज वाळल्या आवळ्यासारखी सुरकुतली होती. उंची निम्मीही उरली नव्हती.

इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या फोमच्या कारखान्यात तो सुपरवायझर. फोम फुगवायचे जुने घातक वायू त्यांनी बंद केले होते. आता सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू दाबाखाली प्लॅस्टिकमध्ये मुरवायचा; दाब सोडला की प्लॅस्टिक लाहीसारखं फुलतं. पण हा वायू भरकन निघून जातो, बाहेरची हवा सावकाश आत शिरते. मधल्या वेळात फोम आक्रसतो, म्हणून हवा भरेपर्यंत त्याला मांडणीवर स्वस्थ पडू द्यावं लागतं. "सर, स्वल्प थांबा ना," कारखान्यातली सौम्या म्हणाली होती. श्रीरंगला कुठला धीर? गुडघ्यांपायी कित्येक वर्षं बाहेरच्या बाकावरून कीर्तन ऐकणाऱ्या सुलभाअक्का यंदाच्या उत्सवात या उंच आसनावर आत बसणार, हे त्याने पेठभर सांगून ठेवलं होतं.

"श्रीरंगअण्णा, आसन आहे की पापड?" पेठेतल्या जितेंद्रने विचारलं. मंडळी हसली आणि सतरंजीवर जाऊन बसली. त्यातच विश्वस्त आप्पाजींनी माइकवरून श्रीरंगचं नाव घेतलं, पर्यावरणाची काळजी घेणारा म्हणून तोंडभर कौतुक केलं. श्रीरंगला खांबाआड लपावंसं वाटलं. बाहेर बाकावरच बसा, असं त्याने अक्कांना हळूच विनवलं.

अक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खांबाला धरून त्या त्याच आसनावर टेकल्या आणि सुरकुत्या दिसू नयेत म्हणून पदर भोवती पसरला. आख्यान रंगलं. अक्का डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या, पण ओठ घट्ट आवळलेले. श्रीरंगने एकदाच तिकडे पाहिलं, मग मान वर केली नाही.

आरतीला सगळे उठले. अक्का बसूनच. लोक वळून पाहू लागले तसा श्रीरंग धावला, त्यांच्या काखेत हात घातला.

"थांब रे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "आसन इतकं छान केलंयस, उठावंसंच वाटेना."

त्याच्या मनगटावर मात्र त्यांनी सगळा भार टाकला होता.

पुढच्या आठवड्यात हवा शिरून आसनं आपोआप फुगली. अक्कांना मात्र त्या बैठकीनंतर गुडघ्यांपायी देवळाच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत.

तुम्ही आरतीला उठाल ना, तेव्हा क्षणभर सुलभाअक्कांची आठवण काढा.