बिननावाच्या ग्रहाची सुपारी

आमच्या साळूअक्काचं लगीन येका ग्रहानं मोडलं, आसं मार्गासनीत सांगत्यात. पन त्या ग्रहाला लग्नात आनला कोनी? म्या.

तवा मी अकरा वर्साची व्हते आन गप्पा हानायला सवाशे वर्साची. आमच्या म्हशीच्या शिंगावर घारीनं घरटं केलंय, म्हस हलली तर पिल्लं पडतील म्हून ती उभ्याउभ्या झोपती, आसं म्या येकदा पानवठ्यावर सांगितलं. दुसऱ्या दिशी पल्याडच्या वाडीच्या दोन बाया म्हस बघाया आल्या. वर घरटं दिसंना, तर घार आजच उठून गेली म्हून म्या त्यास्नी परत लावलं. गेल्या बिचाऱ्या चुकचुकत.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पोरींला आत बसवत न्हवते, पन देवळामागं शेळ्या चारल्या का समदं ऐकू यायचं. आनंदराव मास्तर भोरास्नं पेपर आनून पोरांला वाचून दाखवायचे. त्या चैतात त्यांनी वाचलं, का तिकडं अमेरिकेत दुर्बिनीतनं नवा ग्रह गावलाय. लई ल्हान, लई अंधूक आन लई लांब. सूर्याला येक फेरा माराया त्याला शेकड्यानं वर्सं लागत्यात. आन त्याला आजून नाव ठेवल्यालं न्हाई.

येवढा जुना ग्रह आन बारसं न्हाई, मला लई वाईट वाटलं बगा. शेळ्या घेऊन घरी येस्तवर माझ्या डोक्यात त्याची गोष्ट तयार झाली व्हती.

वैशाखात अक्काचं लगीन ठरलं. नवरदेव सारोळ्याचा चिमाजी. भाटघरचं धरान बघाया गेलो तवा आमच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं, ते ह्या चिमाजीनं खांदा लावून काढलं व्हतं. तवापास्नं अक्का भाकऱ्या थापताना आपल्या आपनच हासायची. पुढं सोयरीक त्याच घरची आली, तर दोन दिस तिच्या भाकऱ्या करपल्या.

चिमाजीला आईबाप न्हवते. त्याच्या मावशीनं, ठकुबाईनं, त्याला ल्हानाचा मोठा केल्याला. वऱ्हाड आदल्या दिशी दुपारी आलं. मला गूळपानी घेऊन जानवशाला धाडलं. ठकुमावशीनं मला जवळ बसवलं, माझी येनी नीट केली आन इच्यारलं, काय गं, तुला काय काय येतं?

मला तर गोष्टीच येत व्हत्या. म्या सांगितलं, का मावशी, नवा ग्रह निघालाय. तिळायवढा हाय. नऊ ग्रहांच्या पंगतीत त्याला पाट मिळाला न्हाई, म्हून रुसून पार लांब जाऊन बसलाय. आन तितं त्याला येकट्याला करमत न्हाई. मंग ज्या घरात नऊच सुपाऱ्या मांडत्यात, त्या घरातलं येखादं ल्हान पोर त्यो खेळाया घेऊन जातो.

मावशीचा हात माझ्या येनीवर थांबला. मला वाटलं, गोष्ट झ्याक जमली. ह्या बाईची पोटची चार पोरं गेल्याली, आन भणीचं ह्ये येकच राहिल्यालं, ह्ये मला कोनीबी सांगितलं न्हवतं.

मावशीनं सांच्यापारी मास्तरांला गाठून इच्यारलं, नवा ग्रह निघालाय ह्ये खरं का? मास्तर म्हनले, खरं, छापून आलंय. पोरं नेतो का, ह्ये काय तिनं इच्यारलं न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी ग्रहमख. लग्नाआदी ग्रहांला बोलवायचं आस्तंय, म्हंजी नवराबायकोच्या वाटंला ते जात न्हाईत. जोशीबुवांनी पाटावर तांदळाच्या नऊ ढिगल्या घातल्या, वर नऊ सुपाऱ्या ठेवल्या. अक्का हळद लावून पिवळीजर्द बसल्याली. ठकुमावशी पुढं आली आन आपल्या कनवटीची सुपारी काढून पाटावर ठेवली. म्हनली, त्या नव्या ग्रहाची हाय, हिचंबी करा.

जोशीबुवांनी हात आखडला. आवाहन नावानं करायचं, म्हनले. नाव सांगा, मी बोलावतो. नाव नाही, मंत्र नाही, त्याला पाटावर बसवून मी काय करू? मावशी म्हनली, नुसती ठेवा. तर ते म्हनले, नुसती ठेवली तर देव पाटावर उपाशी बसतो, ते पाप मी घेत नाही. दहावी सुपारी आसंल तर जोशी उठनार, आन दहावी नसंल तर वऱ्हाड उठनार.

मास्तरांला बोलावनं गेलं. ते आले आन व्हतं न्हवतं ते समदं इस्काटलं. म्हनले, सूर्य हा ग्रहच नाही. चंद्रही नाही. राहू-केतू तर मुळीच नाहीत. ग्रह म्हणजे जो सूर्याभोवती फिरतो तो, आणि आपली पृथ्वीसुद्धा ग्रह आहे. जोशीबुवा तांबडेलाल झाले. आमची चुलती कोंडाबाई म्हनली, मंग आपुन जिच्यावर बसलोय तिची सुपारी तिच्यावरच ठिवायची व्हय? चार बाया तोंडाला पदर लावून हासल्या. अक्का न्हाई हासली. तिनं पयल्यांदा वर बघितलं, आन कोन कुठं बसलंय ते बघून परत मान खाली घातली.

माझा बा, गेनबा, साधा मानूस. पागुटं हातात घिऊन मास्तरांम्होरं उभा राह्यला.

"मास्तर, येकडाव म्हना की वो, त्यो ग्रह न्हाई म्हून. येवढासा तर हाय."

"गेनबा, लहान आहे म्हणून ग्रह नाही, असं कसं म्हणू?" मास्तर म्हनले. "त्यानं काय केलंय?"

आता मला ऱ्हावंना. मी मावशीच्या पुढ्यात जाऊन बसले आन समद्यांदेखत सांगितलं, का पोरं न्यायची गोष्ट म्या रचली. रुसला, करमत न्हाई, समदं खोटं. म्हशीच्या शिंगावरच्या घारीवानी. आयनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बाच्या तोंडावर जरा रंग आला. मला वाटलं, मिटलं.

ठकुमावशी चिडली न्हाई. तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला.

"तू रचलं आसशील, बाय. पन ग्रह काय तू रचला न्हाईस. माझी चार गेली. चारी डाव सुपाऱ्या नऊच व्हत्या. कुठं चुकलं, म्हून मी वीस वर्सं इच्यारतेय."

जोशीबुवा खाली बघाया लागले. म्या कितीतरी येळा सांगितलं, खोटं व्हतं, खोटं व्हतं. दर डावाला मावशी मान हलवायची, व्हय बाय, म्हनायची, आन सुपारीवरचा हात काय उचलायची न्हाई.

लगीन गोरजाचं व्हतं. गुरं रानातनं आली, धुरळा उठला, बसला. मुहूर्त गेला. मंग सारोळ्याची वऱ्हाडी मानसं बैलं जोडाया लागली. त्या ग्रहाचं नाव आन मंत्र मिळाला का कळवा, तवर थांबू, आसं ठरलं. मंत्र देनार कोन, ह्ये कोनालाबी ठाव न्हवतं.

चिमाजी गाडीपाशी उभा व्हता, बाशिंग हातात घिऊन. मला बघून वाकला.

"खरंच तू रचलंस?"

"व्हय दाजी. तुमी सांगा की मावशीला."

"सांगितलं गं." त्यानं गाडीकडं बघितलं. मावशी आत बसली व्हती, पदराच्या गाठीत ती सुपारी धरून. "तिला येकटी धाडू का आता?"

त्यो गाडीत चढला. गाड्या नसरापुरच्या वाटंला लागल्या. बा त्यांच्या मागं मैलभर चालत गेला आन रिकामा माघारी आला.

अक्का वढ्यावर हळद धूत व्हती. हळद येका पान्यात निघत न्हाई. ती वाळूनं हात घाशीत व्हती. मी लांब उभी राह्यले. मला वाटलं, मारंल. मारलं आस्तं तर बरं झालं आस्तं.

"हितं बस," ती म्हनली. "समद्या गावानं ऐकली. मला कुठं सांगितलीस? सांग."

"काय?"

"त्याची गोष्ट."

म्या सांगितली. तिळायवढा हाय, पंगतीत पाट मिळाला न्हाई, म्हून रुसून लांब जाऊन बसलाय. अक्का ऐकत व्हती. पाट न्हाई मिळाला, तितं तिला हसू आलं, खरंच आलं, आन मंग तिचं हासनं थांबंना, अंग हालाया लागलं, तवा मला कळलं का ती हासत न्हाई. तिनं तोंडावर पानी मारलं.

"मंग पुढं?" म्हनली.

माझ्यापाशी पुढचं कायबी न्हवतं. लगीन आवंदा व्हईल, पुढल्या साली व्हईल, मास्तर पुन्याला कागद धाडतील, आसलं काय काय जिभंवर आलं. पन त्यातलं कुठलं खरं आन कुठलं रचल्यालं, ह्ये माझं मलाच सांगता येईना. अक्का वाट बघत राह्यली. वढ्याचं पानी पिवळं व्हऊन खाली जात व्हतं, आन तिच्या हाताची हळद काय निघत न्हवती.