तिसऱ्या नळीपाशी

रविवारी दुपारी तीनला बाबा गाडीखाली होते आणि बाहेर दिसणारे त्यांचे बूटच काय ते बोलत होते.

"मास्तरीणबाई, चौदाचा पाना द्या. पुस्तकातला नको, डब्यातला."

ती कॉलेजात शिकवायची, म्हणून घरात तिला हे नाव पडलं होतं. तिने पाना दिला. गाडी जुनीच, पण बाबांनी तिच्या पोटात दुसऱ्याच गाडीचं, दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. ते सुरू झालं की अंग घुसळायचं, आणि त्या हिसक्यांनी सायलेन्सरच्या नळ्या वर्षातून एकदा तरी तडकायच्या. या वेळी बाबांनी दुखण्याचं मूळच काढायचं ठरवलं होतं. नळीच्या मध्ये जाळीचा लवचीक तुकडा घातला, खालून नवा आधार दिला, आणि चारही नळ्या ज्या जाड पट्टीला जोडलेल्या असतात तिथे नव्याने वेल्डिंग केलं. आता ती पट्टी इंजिनाला भिडवायची, मधल्या फटीतून धूर गळू नये म्हणून पॅकिंग ठेवायचं आणि बोल्ट आवळायचे, एवढंच उरलं होतं. हे काम वरून, वाकून करायचं. बाबांना आडवं पडणं जमायचं, वाकणं नाही. म्हणून ते काम तिच्याकडे.

"नवं पॅकिंग बाकावर आहे. जुनं फेकून दे," बूट म्हणाले. "पॅकिंग एकदाच दबतं. आमच्यासारखं नाही; बायकोने दाबलं, मुलीने दाबलं, तरी पुन्हा तयार."

"ऐकू येतंय हं मला," आई खिडकीतून म्हणाली.

पाच वाजता तिच्या मैत्रिणीकडे वाचन होतं. चार-पाच जणी, एक नवी कादंबरी, नंतर गप्पा. तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. हातभर लांबीचं ते पातळ पॅकिंग बाकावरून सटकून खाली पडलं, ती उचलायला बसली आणि तिचाच गुडघा त्यावर आला. तिसऱ्या भोकापाशी ते मुरगळलं.

दुकान रविवारी बंद. सांगितलं असतं तर बाबा रागावले नसते. राहू दे, उद्या करू, एवढंच म्हणाले असते. पण मग तिला उद्या पुन्हा यावं लागलं असतं. तिने जुनंच पॅकिंग फडक्याने पुसलं, बसवलं, बोल्ट शिकवल्याप्रमाणे मधून बाहेर आवळत नेले, आणि मुरगळलेलं आपल्या पिशवीत दोन पुस्तकांच्या मध्ये सरकवलं.

"नवं लावलंस ना?"

"हो, बाबा."

इंजिन सुरू झालं. टिक, टिक, टिक. भिंतीवर कोणी नखाने टिचक्या माराव्यात तसा आवाज. बाबा खालून सरपटत बाहेर आले. त्यांनी इंजिन बंद केलं, ते निवू दिलं, सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून आत हवा सोडली आणि नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या नळीच्या मुळाशी फेस फुगला. तिथे त्यांचं वेल्डिंग आणि पॅकिंग यांच्यात बोटभरही अंतर नव्हतं, आणि मागची बाजू आरसा धरूनही नीट दिसत नव्हती.

"पॅकिंग तर नवं," बाबा स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे माझाच जोड गेला."

त्यांनी हात पुसले. मग पुसलेल्या हातांकडे पाहिलं.

"माकडाच्या हाती कोलीत आणि म्हाताऱ्याच्या हाती वेल्डिंग," म्हणाले आणि हसले. तीही हसली. तिने पिशवी खांद्याला अडकवली. साडेचार वाजले होते.

वाचन रंगात आलं असताना बाबांचा फोन आला. ती उठून गॅलरीत गेली.

"तडा काही सापडत नाही गं. उद्या जोड कापतो आणि नव्याने भरतो."

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि दार लोटून आत आली.

सोमवारी अकरा वाजता आईचा फोन आला. बाबा बाकाला टेकून बसले होते. ग्राइंडर बंद करून जागेवर ठेवलेला, चष्मा वर सरकवलेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. जोड अर्धाच कापून झाला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगायची. "रात्री जेवताना हात उलटेसुलटे करून बघत होते हो. म्हणाले, हात गेला माझा. वेल्डिंगचा संच काढून टाकतो म्हणाले." माणसं चुकचुकायची. मुलगी प्रत्येक वेळी पाणी आणायला आत जायची. महिनाभरात त्या घरात पाण्याला काही तोटा राहिला नाही.

मग एका सकाळी पत्रेकाका आले. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारे, बाबांचे तीस वर्षांचे भागीदार. उभी गाडी गंजते, सुरू करून ठेवू, म्हणाले. त्यांनी बोल्ट सोडले, नळ्या बाहेर काढल्या आणि अर्धवट कापलेला जोड उरलेल्या बाजूनेही कापून उजेडात धरला. फिरवून फिरवून पाहिला. नखाने खरवडला.

"वहिनी, इकडे या," त्यांनी आईला हाक मारली. "यात तडा कुठाय? हे बघा, आरपार एकजीव आहे. असा जोड आता कोण भरतो?"

आई पदराला हात पुसत आली. "मग ते कापत का होते?"

पत्रेकाकांनी जोड पुन्हा एकदा उजेडात फिरवला. मग हळूच म्हणाले, "दिसत नसेल त्याला. हात नव्हता गेला वहिनी, नजर गेली होती. आम्हाला बोलला नाही कधी."

आईने मान हलवली. आता पुढच्या माणसाला ती काय सांगणार, हे मुलीला आईच्या चेहऱ्यावरच दिसलं. लोकांच्या लेखी बाबांचा हात तर गेलाच होता, आता डोळेही जाणार होते.

तिची पिशवी दाराच्या कडीला होती. महिनाभर ती तीच पिशवी घेऊन कॉलेजात गेली होती आणि त्यातली ती दोन पुस्तकं तिने उघडली नव्हती. तिने पॅकिंग काढलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. तिसऱ्या भोकापाशी मुरगळलेलं, बाकी कोरं करकरीत.

पत्रेकाकांनी ते पाहिलं. मग वाकून इंजिनाला चिकटलेलं जुनं, काळं पॅकिंग पाहिलं. त्यांना उमगलं आणि त्यांनी हातातला जोड अलगद खाली ठेवला. आई मात्र दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला पॅकिंगमधलं काही कळत नव्हतं. तिला सांगावंच लागणार होतं.

"आई, बाबांचा हात गेला नव्हता," ती म्हणाली. "नजरही नाही. नवं पॅकिंग माझ्या गुडघ्याखाली मोडलं. मला जायची घाई होती. मी जुनंच लावलं, आणि बाबांनी विचारलं तेव्हा नवं लावलंय म्हणून सांगितलं."