विमानाची धाकटी पाती

आमच्या यांचं नाव गुणवंत, पण एकेक गुण असे की सांगता सोय नाही. आमच्या ऋचाचं लग्न ठरलं तेव्हापासून जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या ऑटोवाल्यालाही सांगून राहिले होते, "भैया, हमारा दामाद बड़ी एयरलाइन में पायलट है!"

मग त्या एअरलाइनचा पसारा वाढला. लहान शहरांसाठी त्यांनी वेगळी उपकंपनी काढली, छोटी विमानं घेतली आणि आमच्या होणाऱ्या जावयाला, सुमेधला, तिकडे पाठवलं. यांचं तोंड उतरलं.

"म्हणजे धाकट्या पातीत टाकला पोराला," हे म्हणाले. "मोडा लग्न."

घ्या! आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले. घराण्याघराण्यांत थोरल्या भावाच्या वंशाची थोरली पाती, धाकट्याच्या वंशाची धाकटी पाती झाली. चाकरी गेली, जमिनी गेल्या, थोरल्या पातीचा ताठा तेवढा राहिला. आता हा माणूस विमानांच्याही पात्या पाडून राहिला! ऋचा खोलीत जाऊन बसली. माझ्या जिवाला घोर लागला.

शनिवारी सुमेध स्वतःच विमान घेऊन जबलपूरला आला, अन् संध्याकाळी आमच्या घरी. मी पोहे पुढे केले. यांनी सरळच विचारलं, "मोठ्या कंपनीत परत केव्हा?"

"काका, तिथे मी को-पायलट होतो. इथे कॅप्टन केलं मला."

"अच्छा! कॅप्टन!" यांचे डोळे चमकले. पण लगेच मान हलली. "तरी, धाकटी ती धाकटीच."

माझं डोकंच फिरलं. "अन् मी कोण हो? शिर्क्यांच्या धाकट्या पातीचीच ना? इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून राहिले, कधी पोट बिघडलं? मला करून आणली तेव्हा मामंजी रुसून जेवले नव्हते. तरी आणलीच ना? काहून आणली?"

हे सुमेधकडे बघतात, माझ्याकडे बघतात. पोह्यांतली मिरची बाजूला सारत शेवटी पुटपुटले, "आवडली होती म्हणून."

इतकी वर्षं हे एक वाक्य तोंडातून निघालं नव्हतं, अन् निघालं ते परक्या पोरासमोर! मला कुठे बघावं कळेना.

ऋचा केव्हा बाहेर येऊन उभी राहिली होती, देव जाणे. "बाबा, मलाही हा आवडलाय," ती म्हणाली.

सुमेधचे कान लाल झाले. मग हे माझ्यावरच खेकसले, "अगं, बघत काय राहिली? जावयाला पोहे वाढ ना!"