जुन्या रेच्यांचा खर्च

उर्मिलाने बाजारभावाचा फळा ओल्या फडक्याने पुसला. सकाळी लिहिलेला कापसाचा दर गेला आणि तिथे तिने ठसठशीत अक्षरांत लिहिले : नवी मशिनं, ऐंशी हजार.

पांढुर्ण्याच्या या जिनिंगच्या ऑफिसात बायका यायच्या त्या फक्त लक्ष्मीपूजनाला, तेही उंबऱ्याच्या आत दोन पावले. आणि आज अकरावी कॉमर्सची पोरगी, दोन वेण्या वर बांधून, भागीदारांसमोर उभी होती. बाबूजींनी, तिच्या वडिलांनी, सकाळीच सांगून ठेवले होते, “यांच्या गळी उतरवलंस तर नागपूरचं कॉलेज पक्कं.” नाही उतरवले तर सौंसरच्या एका घरची लग्नाची मागणी येऊन पडलेलीच होती.

“बोल, बाई,” थोरले भागीदार शालिकरामजी म्हणाले. “आज मास्तरीण तू, पोट्टे आमी.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसले मोरेश्वरकाका, बाबूजींचे धाकटे भाऊ. कापसातून सरकी काढणाऱ्या जुन्या रेच्यांचा शेड हेच त्यांचे राज्य. लहानपणी गोटमारीच्या जत्रेतली दगडफेक लांबून दाखवायला तिला खांद्यावर बसवून नेणारे तेच.

खडू धावू लागला.

“पैसा गुंतवला, तर तो किती सालांत घरी परत येते, ते पाहायचं. जुन्या रेच्यांवर गेल्या साली खर्च झाला चोवीस हजार. नव्यांवर होईल चार. म्हणजे सालाचे वीस वाचले. ऐंशी भागिले वीस.” ती गर्रकन वळली. “चार सालांत मशिनं फुकटात.”

“वा रे पोट्टी!” शालिकरामजींनी मांडीवर थाप मारली. “भगवंतराव, तुमच्या पोराले जमलं असतं काय हे?”

“त्याले अजून दाढी करता येत नाही नीट,” बाबूजी म्हणाले, आणि हसू ओसरायच्या आतच, पान मागावे तशा सुरात पुढे बोलले, “तर मग जुना शेड मोडून टाकू. मोरेश्वर बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यावर राहील. घर आहेच तिथं.”

काकांचे हसू तोंडावर तसेच राहून गेले. ते उठले, फळ्याजवळ आले आणि चोवीस हजारांखाली बोट ठेवले.

“बाई, एवढे कशाले लागले? पट्टे बदलले, रूळ बदलले. दहाच्या वर नाही गेलो मी.”

“आकडा बाबूजींनी...” म्हणता म्हणता ती थांबली.

गेल्या पोळ्यानंतर काकूंना नागपूरला नेले होते. पोटाचे ऑपरेशन, महिनाभर दवाखाना. या घरात पगार कोणीच घेत नसे. जो भाऊ जे काम पाही, त्याच्या घरचा खर्च त्याच कामाच्या नावावर टाकायचा, ही आजोबांपासूनची रीत. बाबूजींच्या घरचा सरकीच्या व्यापारावर, काकांच्या घरचा रेच्यांवर. वरचे चौदा हजार रेच्यांनी खाल्लेच नव्हते. ते काढले, तर नव्या मशिनांनी वाचणार सालाचे सहा. ऐंशी भागिले सहा. चार वर्षे तेराच्या पुढे निघून गेली.

हिशोब तिला येत होता, हीच तर पंचाईत.

तिने बाबूजींकडे पाहिले. ते कानात काडी फिरवत खिडकीबाहेर बघत होते, अगदी निवांत. काका मात्र तिच्याकडेच पाहत होते. त्यांनाही उमगले होते. पण चार परक्या माणसांत स्वतःच्या बायकोच्या दुखण्याचा पैसा ते कसा काढणार? ते तिची वाट बघत होते.

“जुनी मशिनं आहेत, काकाजी,” उर्मिला म्हणाली. “जुन्याले लागतेच.”

“लाखाचं बोलली,” शालिकरामजी म्हणाले.

काकांनी बोट खाली घेतले. धोतराला खडू पुसला.

“हो,” ते म्हणाले. “लागतेच.”

चहा आला. बशीत फुंकर घालत शालिकरामजींनी सहज विचारले, “आन् वहिनीची तब्येत कशी आहे आता?”

“आहे,” काका म्हणाले. “आता जास्त काही लागत नाही.”

संध्याकाळी काकू आपल्या चुलीवरून शिऱ्याची पातेली घेऊन आल्या, एक हात पोटावर दाबून, भिंतीच्या आधाराने. उर्मिला ओसरीवर बसली होती. तिच्यापुढे ताटली ठेवून त्यांनी भरभरून वाढले.

“माणसांसमोर बोलली म्हणते व तू. एकडाव बी अडखळली नाही, हे सांगून राहिले होते.”

“आणखी काय म्हणाले काकाजी?”

“काही नाही. भांडी बांधून राहिले. बोरगावची हवा चांगली म्हणे माह्यासाठी.” काकू टेकायला खांब शोधत होत्या. “खाय ना व. नागपूरले कोण करून देईन तुले? गोड कमी झालं काय?”

“नाही,” उर्मिला म्हणाली. तिने ताटली चाटूनपुसून संपवली आणि पुढे केली. “अजून वाढा.”