गच्चीवरची पाती

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नाही. त्या वर्षी खूळ शिरलं ते वाऱ्यावर वीज करायचं.

तसं ते माझ्यापायीच. मी सातवीच्या फायनलला बसणार होते. पास झाले तर शाळेत मास्तरीण होता येणार होतं. दिवस घरकामात जायचा, वाचायला मिळायची ती संध्याकाळच. पण परळच्या आमच्या चाळीत खोल्यांना वीज नव्हती, आणि चिमणीच्या धुरानं आमच्या तान्ह्या बकुळाला असा खोकला धरला की डॉक्टरांनी चिमणीच बंद करायला लावली. परीक्षा तोंडावर आणि पुस्तक अंधारात. मी मोठ्यानं रडले.

 दुसऱ्या दिवशी हे गिरणीतून येताना भंगारातला लॉरीचा डायनामो खांद्यावर घेऊन आले. मग सायकलचं चाक आलं, गिरणीनं टाकून दिलेल्या पट्ट्याचा तुकडा आला, जुनी बॅटरी आली. पात्यांना लाकूड मिळेना, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात स्वतः मिरवलेला फलक त्यांनी करवतीनं कापला. एका पात्यावर ‘झालाच’ आलं, दुसऱ्यावर ‘पाहिजे’. शेजारचे कुशाबा म्हणाले, “दौलत, ह्यात बसून दिल्लीला जातोस काय रे?” अख्खी चाळ हसली.

सगळं जोडून गच्चीवर उभं केलं, पण पाती काही हलेनात. हे रोज डायनामो उघडायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. एकदा मी कपडे वाळत घालायला वर गेले. वारा एवढा की लुगडं हातात ठरेना. आणि हे पाण्याच्या टाकीमागे घामाघूम.

“अहो, वारा इकडे आहे!”

“म्हणून तर तिकडे लावलं नाही. वाऱ्यात कुणी मशीन लावतं काय?”

मला आधी राग आला, मग हसू. ह्यांचा जन्म गिरणीत मागावर गेलेला. तिथे वारा शिरला की सूत सुकतं, तुटतं, म्हणून खिडक्या कायम बंद. वारा दिसला की आडोसा शोधायचा, हे अंगात मुरलेलं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही दोघांनी ते धूड ओढत नेऊन समुद्राकडच्या कठड्याला बांधलं. पाती फिरली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमच्या खोलीत एवढासा दिवा लागला. मिणमिणता, पण बिनधुराचा. मला इतका आनंद झाला की पुस्तक उघडून नुसतीच बघत बसले. बकुळा शांत झोपली होती.

हे समोर मांडी घालून बसले. “तुम्हालाही शिकवते,” असं मी आजवर कितीदा म्हटलं होतं, पण दर वेळी “ह्या वयात?” म्हणून उडवून लावायचे. आज त्यांनी सदऱ्याखालून कोरी पाटी काढली.

“शांता, एवढी वर्षं तो फलक खांद्यावर वागवला,” ते मान खाली घालून म्हणाले. “सगळे ओरडायचे म्हणून ठाऊक, त्यावर काय लिहिलंय ते. ‘झालाच’ कसं लिहायचं, शिकव मला.”

सगळ्यात अवघड अक्षरापासून सुरुवात! मी पुस्तक बाजूला ठेवलं, त्यांचा राकट हात हातात घेतला आणि पाटीवर ‘झ’ काढला.