मागची बॉडी बदलून मिळेल

ज्ञानदेव ओव्हाळचा प्रोग्राम पास झाला. चिंचवडच्या गिअरच्या कारखान्यात जुन्या संगणकाची भाषा नव्या संगणकाच्या भाषेत आणण्याचं काम त्याने बिनचूक करून दाखवलं आणि मुंबईच्या साहेबाला गप्प बसवलं. आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. वरची वाक्यं कुठल्याही मंजूर कागदावर नाहीत, आणि जे मंजूर कागदावर नाही ते कारखान्यात घडत नाही.

तर १९७९ साल. कारखान्यात एक खोली होती, खोलीत एक संगणक होता आणि संगणकाला उकडू नये म्हणून एसी होता. तिथल्या माणसांना गारवा फुकटात मिळायचा, म्हणून बाकीचा कारखाना त्यांना ‘एसीवाले’ म्हणायचा आणि उन्हाळ्यात काहीतरी विचारायच्या निमित्ताने तिथे येऊन उभा राहायचा.

संगणक एका परदेशी कंपनीचा, भाड्याने आणलेला. ती कंपनी आता देश सोडून निघाली होती आणि जाताना आपली यंत्रं, आपले स्क्रू-ड्रायव्हर आणि आपली भाषा घेऊन निघाली होती. भाषा म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. अकरा वर्षांत एसीवाल्यांनी त्या भाषेत दोनशेच्या वर प्रोग्राम चालवले होते. कुठला गिअर कधी कापायचा, कधी तापवायचा, कधी रवाना करायचा, सगळं त्यांच्यात. जुन्याच्या जागेवर येणार होता देशी संगणक. त्याला फक्त कोबॉल नावाची भाषा यायची. जुन्या भाषेतलं अक्षर त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही दिसत नव्हती.

मुंबईच्या हेड ऑफिसने सोपा तोडगा काढला. काम मुंबईला हलवायचं, तयार प्रोग्राम विकत घ्यायचे, विभाग बंद करायचा आणि एसी खोलीत सुटे भाग ठेवायचे. ज्ञानदेवची बदली स्टोअरमध्ये होणार होती. स्टॅटिस्टिक्समध्ये पहिला आलेला माणूस वॉशर मोजायला बरा पडेल, असा शेराही कुणीतरी मारून ठेवला होता.

ज्ञानदेव तडक विभागप्रमुखांच्या टेबलापाशी गेला. विभागप्रमुख म्हणजे सदाशिवराव लिमये. संगणकाचं खोकं फोडण्यापासून तिथे असलेला माणूस.

“सर, सगळे प्रोग्राम मी बदलून देतो. हाताने नाही. यंत्राकडूनच.”

“ओव्हाळ, तुम्ही जेवून आलात ना?”

“आलो. सर, पिंपरीतून नुसती चासी बाहेर पडते ती बघितलीय ना तुम्ही? पुढं इंजिन, मधे दोन लोखंडी पट्ट्या, मागं काहीच नाही. तिच्यावर दुधाची गाडी बांधा, एसटी बांधा, पोलिसांची व्हॅन बांधा. इंजिनाला पत्ता लागत नाही.”

“बरं मग?”

“आपला कंपायलर तसाच आहे.”

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम. तो संगणकाबरोबरच टेपवर आला होता, आणि ज्ञानदेवने दोन दिवाळ्या घालवून तो वाचून काढला होता. दुसरं कुणी रहस्यकथा वाचतं तसा. त्याला दिसलं की त्याचे तीन तुकडे आहेत. पुढचा तुकडा जुनी भाषा वाचतो. मधला तुकडा तिचा अर्थ बारक्या चिठ्ठ्यांत मांडतो: हे उचल, त्यात ते मिळव, तिथे ठेव. मागचा तुकडा त्या चिठ्ठ्या वाचून यंत्राचे आकडे लिहितो. आणि चिठ्ठ्या कुठल्याच भाषेच्या बाजूच्या नसतात.

“मागची बॉडी उतरवतो,” ज्ञानदेव म्हणाला. “आकडे लिहिणारी काढली, कोबॉल लिहिणारी बसवली. झालं.”

“आणि उद्या कोबॉलही गेलं म्हणजे?”

“पुढचं तेच, मधलं तेच. पुन्हा फक्त बॉडी बांधायची.”

लिमयांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. “मुंबईला कळवतो,” ते म्हणाले. लिमयांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पेढे वाटल्यासारखं होतं.

हे उदाहरण ज्ञानदेवला सुचलं यात नवल नव्हतं. त्याचे वडील, किसन ओव्हाळ, त्याच उघड्या चासी चालवत. केबिन नाही, काच नाही. फळीवर बसायचं, डोळ्याला गॉगल, तोंडाला फडकं, आणि बॉडी बांधणाऱ्याच्या दारापर्यंत वाऱ्याशी भांडत जायचं. त्यांनी पोराचं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी माझंच काम करतूस की रं ग्यानबा. फकस्त तुला धूळ लागत न्हाई.”

आणि मग आपल्या सबंध रहाटणी गावात सांगत फिरले की आमचा ग्यानबा बॉडी बदलून देतो. आठवड्याच्या आत एकाने टेम्पो आणून दारात उभा केला. ज्ञानदेवने त्याला चहा पाजला आणि हा विभाग अजून सुरू झाला नसल्याचं सांगितलं.

प्रोग्राम तयार झाला. परीक्षेपुरतं देशी यंत्रही जुन्याच्या शेजारी येऊन बसलं. तो जे कोबॉल लिही ते भयंकर कुरूप होतं. माणसाने ‘गिअर’ असं नाव दिलेल्या गोष्टीला तो ‘क्ष-चारशे बारा’ म्हणे. यंत्राला भरवायची भोकाभोकांची कार्डं पंच करणाऱ्या मृदुला देसाईने पहिलं पान वाचून विचारलं, “ओव्हाळसाहेब, हे कोबॉल आहे की कोबॉलचा पंचनामा?”

“वाचायचं नाहीये बाई, चालवायचंय.”

“आमच्या सासूबाईंचंही स्वयंपाकाबद्दल हेच म्हणणं असतं. बघायचं नाही, खायचं.”

परीक्षेला हेड ऑफिसमधून प्रभाकर सबनीस आले. सोमवार होता. सफारी सूट, हातात लाल पेन्सिल. अट त्यांनी आल्याआल्या सांगितली. तीन प्रोग्राम ते निवडणार. तीच कार्डं जुन्या यंत्रात आणि तीच नव्या यंत्रात. दोन्हीकडचे कागद ओळीला ओळ जुळले तर विभाग राहील.

“आणि नाही जुळले तर?” मृदुलाने विचारलं.

“तर यांना वॉशर फार आवडतील असं ऐकलंय.”

नव्या यंत्रात तारीख सबनीसांनी स्वतःच्या हाताने घातली. माल रवाना करण्याचा तक्ता आधी जुन्याने छापला, मग नव्याने. सबनीसांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ते भलतेच खूश झाले.

“वा! जुनं यंत्र म्हणतंय, माल आज सोमवारी न्या. तुमचं म्हणतंय, गेल्या शुक्रवारी न्या. ओव्हाळ, टेम्पो रिव्हर्समध्ये घालायचा का?”

“साहेब, मूळ प्रोग्राममध्ये जे आहे तेच आलंय. माझं भाषांतर चुकलेलं नाही.”

“असं चुकलेले सगळेच म्हणतात. संध्याकाळी सहाला मी निघणार. तोवर म्हणत बसा.”

ज्ञानदेवच्या जागी दुसरा असता तर स्वतःच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला असता. ज्ञानदेवचा त्याच्यावर विश्वास होता. इतका की लोक त्याला गर्व म्हणत आणि तोही नाही म्हणत नसे. त्याने मधल्या तुकड्याच्या चिठ्ठ्या छापून काढल्या. पहिल्या प्रोग्राममध्ये, तारीख छापण्याच्या आधी, एक चिठ्ठी होती: तीन वजा कर. दुसऱ्यातही तीन वजा. तिसऱ्यातही. मग त्याने न निवडलेले प्रोग्रामही काढले. जिथे तारीख तिथे तीन वजा. एकाच साच्यातून काढल्यासारखा तोच तुकडा, आणि तो परदेशी कंपनीचा नव्हता. वळण चिंचवडचं होतं.

तो लिमयांसमोर जाऊन उभा राहिला.

“सर, हे तीन कुणाचे?”

लिमये रोज सकाळी येऊन स्वतःच्या कपाटातलं एक कार्ड काढत आणि यंत्राला आधी ते भरवत. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसत. विभागात सगळ्यांना वाटे की त्यांचा काही नेम असावा. मृदुला तर खंडेनवमीला त्या कार्डावर झेंडूचं फूल ठेवी.

लिमयांनी चष्मा काढून पुसला.

“प्रोग्राम परदेशातून आले तेव्हा त्यांच्यात रविवारची सुट्टी आरपार ठोकलेली होती. इथे वीज गुरुवारी बंद, म्हणून सुट्टी गुरुवारी. वीज मंडळाचा हुकूम. कंपनी म्हणाली, बदलायला एक वर्ष लागेल.”

“मग?”

“मग मी यंत्रालाच समजावलं की आपला गुरुवार म्हणजे रविवार. रोज सकाळी त्या कार्डाने तीन दिवस पुढची तारीख भरायची आणि छापताना तीन वजा करायचे. पुढचे सगळे प्रोग्राम मग तसेच लिहिले.”

“अकरा वर्षं?”

“एकदाही चुकलं नाही,” लिमये म्हणाले आणि खुर्चीत जरा ताठ बसले. “लीप वर्षातसुद्धा.”

खरं म्हणजे ज्ञानदेवने चिडायला हवं होतं. उलट त्याचा ऊर भरून आला. सबंध देश सोमवारात असताना ही एक खोली गुरुवारात बसून बिनबोभाट गिअर रवाना करत होती! आणि त्याच्या प्रोग्रामने, कुणी न सांगता, हेसुद्धा जसंच्या तसं उचलून नव्या यंत्रात नेलं होतं. तो चुकला नव्हता. तो अतिइमानदार निघाला होता.

“नव्या यंत्रालाही तीन दिवस पुढची तारीख देऊन टाका,” लिमयांनी सबनीसांना सुचवलं. “लगेच जुळेल.”

“खोट्या तारखेवर मी सही करणार नाही,” सबनीस म्हणाले. यावर वाद घालणं अवघड होतं.

दोनशे प्रोग्राम हाताने दुरुस्त करायचे तर सगळ्यांचं वर्ष गेलं असतं. पण दोनशेही प्रोग्राम बाहेर पडत होते एकाच दाराने, आणि ते दार ज्ञानदेवने बांधलं होतं. त्याने मागच्या बॉडीत चार ओळी घातल्या. तो साचा दिसला की वजाबाकी लिहू नकोस. ‘रविवार’ दिसला की ‘गुरुवार’ लिही. मृदुलाने चार कार्डं पंच केली आणि म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच.”

चहाची सुट्टी संपायच्या आत सबनीसांचे तिन्ही प्रोग्राम नव्याने कोबॉलमध्ये उतरले; बाकीचे रांगेत उभे होते. नव्या यंत्राने पुन्हा तक्ते छापले. मृदुला जुना कागद वाचू लागली, ज्ञानदेव नवा, आणि सबनीस लाल पेन्सिलीने खुणा करू लागले. सोमवार, सोमवार. मंगळवार, मंगळवार. गुरुवारी सुट्टी, गुरुवारी सुट्टी. तिसऱ्या तक्त्याला पेन्सिलीचं टोक झिजलं. लिमये दाराशी उभे राहून ऐकत होते.

“ओव्हाळ, माझी अकरा वर्षांची हुशारी तुम्ही एका चहात पुसलीत.”

“पुसली नाही सर. तिचंही भाषांतर केलं.”

लिमये हसले. हे विभागाच्या इतिहासात प्रथमच घडत असल्याने कुणाला काय करावं कळेना.

सबनीसांनी सहीसाठी पेन उघडलं आणि विचारलं, “पहिलं पान कुठंय?”

“कुठलं पहिलं?” मृदुलाने विचारलं.

“प्रत्येक प्रिंटआउटला वर एक पान असतं. यंत्राचं नाव, वार वगैरे.”

“ते होय! ते आम्ही फाडून घेतो. भज्यांखाली.”

भजी बाजूला सारून पान आणलं गेलं. तेलामुळे ते आरपार दिसत होतं, पण कोपऱ्यातला शब्द स्वच्छ होता: ‘थर्सडे’. नव्या यंत्राच्या पानावर होतं ‘मंडे’. लिमयांनी सगळीकडे तीन वजा केले होते, पण हे पान यंत्र आपल्या आपणच छापायचं. आणि भज्यांमुळे ते अकरा वर्षांत कुणी वाचलंच नव्हतं.

“ओळीला ओळ असं ठरलं होतं,” सबनीस म्हणाले. आता त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. “ओव्हाळ, खरं सांगतो, हे मुंबईत कुणाला जमलं नसतं. पण गुरुवारी तुमचा कारखाना बंद असतो. म्हणजे हा जुना कागद रीतसर पाहता छापलाच गेलेला नाही. जो कागद छापलाच गेला नाही त्याच्याशी तुमचा जुळला, असं मी लिहू कसं?”

विधान रीतसर बरोबर होतं.

सबनीसांनी बराच विचार करून शेरा लिहिला: ‘जुळणी उत्तम. जुन्या यंत्राचे वार सक्षम अधिकाऱ्याकडून नियमित करून घेतल्यावर अंतिम मंजुरी देण्यात येईल. तोपर्यंत विभाग तात्पुरता चालू ठेवावा.’

वारांवर अधिकार नक्की कुणाचा, यावर कारखान्यात महिनाभर खल झाला. सुट्टीचा वार ज्यांनी ठरवला त्यांचाच, असं शेवटी निघालं. विभाग अजून तात्पुरता चालू आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनी आपले प्रोग्राम ज्ञानदेवकडून बदलून नेले, त्यासाठी त्याने आणखी दोन बॉड्या बांधल्या, आणि किसनरावांना आता रहाटणीत कुणी टेम्पोबद्दल विचारत नाही. पास झालोय हे मात्र ज्ञानदेवला अजून अधिकृतपणे म्हणता येत नाही. म्हणून १९८२ च्या जूनमध्ये, पाचवं स्मरणपत्र म्हणून, पुढील अर्ज गेला:

‘प्रति, मा. मुख्य अभियंता, वीज मंडळ. विषय: चिंचवड येथील वार नियमित करणेबाबत.

महोदय, आपल्या आदेशान्वये या परिसरात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने आमच्या संगणकास सन १९६८ पासून तीन दिवस पुढे राहावे लागले. सबब विनंती की, सन १९६८ ते १९७९ या कालावधीत चिंचवड येथे झालेला प्रत्येक सोमवार हा गुरुवार होता असे पूर्वलक्षी प्रभावाने मान्य करण्यात यावे. सदर गुरुवारी कारखान्यास वीजपुरवठा सुरू होता असा दाखला मिळावा. आणि उर्वरित वारांनीही आपापल्या जागेवरून तीन घरे सरकावे असे आदेश त्यांना परस्पर देण्यात यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू, ज्ञानदेव किसन ओव्हाळ, भाषांतरकार (तात्पुरता).’